अणुऊर्जेच्या पैशात विद्यापीठांचाही वाटा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत अणुऊर्जेवर सगळीकडे बरंच छापून येतंय म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेत शांती कायदा मंजूर झाला, 1962 चा जुना अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा नुकसानभरपाईचा कायदा दोन्ही गेले आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं. त्याआधी फेब्रुवारी 2025 च्या बजेटमध्ये न्यूक्लियर एनर्जी मिशनसाठी 20 हजार कोटी रुपये जाहीर झाले होते, 2033 पर्यंत देशी बनावटीच्या निदान पाच छोट्या अणुभट्ट्या चालू करायच्या आणि 2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुवीज तयार करायची असं ठरलंय. आज आपण 9 गिगावॅटच्या आत आहोत, म्हणजे वीसेक वर्षांत अकरा पटीहून जास्त वाढ. मी या उद्दिष्टाच्या विरोधात अजिबात नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की या भट्ट्या बांधणारी, चालवणारी, तपासणारी आणि लोकांना त्याबद्दल खरं काय ते सांगणारी माणसं येणार कुठून, आणि त्यांना शिकवायचे पैसे कोण देणार.

मी पालघर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या भागात अणुऊर्जा म्हणजे पुस्तकातला धडा नाही, तारापूर इथेच आहे. पहिल्या दोन भट्ट्या 1969 पासूनच्या, आशिया खंडातलं सुरुवातीचं अणुवीज केंद्र म्हणून त्याचं नाव अजून घेतात, नंतर 540 मेगावॅटच्या आणखी दोन आल्या, त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. त्या गावांतल्या, बोईसर-चिंचणी-डहाणूकडच्या मुलामुलींना मी शिकवते. यातल्या बऱ्याच घरांत कुणीतरी प्रकल्पात कंत्राटी कामाला असतं, गेटपासवर आत जातं, संध्याकाळी बाहेर येतं. आत नक्की काय चालतं हे त्या माणसाला माहीत नसतं आणि खरं सांगायचं तर आम्ही कॉलेजातसुद्धा ते नीट दाखवू शकत नाही.

आमचं न्यूक्लियर फिजिक्सचं प्रॅक्टिकल कसं होतं ते सांगते. जीएम काउंटर असतो, म्हणजे गायगर-म्युलर ट्यूब, त्याच्यासमोर एक छोटासा सीलबंद किरणोत्सारी सोर्स ठेवायचा आणि मिनिटाला किती काउंट पडतात ते मोजायचं, व्होल्टेज वाढवत जायचं, प्लॅटो म्हणजे काउंट जवळजवळ स्थिर राहतात तो भाग काढायचा, मग सोर्स लांब लांब सरकवून अंतराच्या व्यस्त वर्गाचा नियम तपासायचा. प्रयोग साधा आहे पण सुंदर आहे. मुलगी पहिल्यांदा तो टकटक आवाज ऐकते ना, तेव्हा अणूचं केंद्रक ही गोष्ट तिच्यासाठी खरी होते, फळ्यावर केंद्रकाचं लिक्विड ड्रॉप मॉडेल कितीही रंगवून शिकवलं तरी ते होत नाही. पण आमच्याकडचा कोबाल्ट-60 चा सोर्स वीस वर्षांपूर्वी घेतलेला आहे. कोबाल्टची हाफ लाइफ, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, 5.27 वर्षं, म्हणजे वीस वर्षांत त्याची ताकद साधारण सात टक्क्यांवर आली. सोर्स ठेवला काय आणि काढला काय, थोडं लांब गेलं की आकडा बॅकग्राउंडच्या, म्हणजे आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या, जवळ जातो. मग मुलं काय करतात, मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतात, ग्राफ छान येतो, एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचे परीक्षक सही करतात. मी त्या मुलांना दोष देत नाही. ज्या प्रयोगातून काही निघतच नाही तिथे ती दुसरं काय करणार.

नवीन सोर्स मिळत नाही असं नाही. वाशीला ब्रिट आहे, अणुऊर्जा खात्याचीच संस्था, तिथून सीलबंद सोर्स घेता येतात, एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर नोंदणी करायची, जबाबदार माणूस नेमायचा, ठेवायची जागा दाखवायची, हे सगळं बरोबरच आहे आणि असायलाच हवं. अडतं ते पैशापाशी आणि माणसापाशी. पगाराव्यतिरिक्त विभागाला वर्षाला जे काही मिळतं त्यातून काचेची उपकरणं, केमिकल, कॉम्प्युटरची दुरुस्ती हेच निघत नाही. गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा सिंटिलेशन डिटेक्टर आणि त्याबरोबरचा मल्टीचॅनल अ‍ॅनलायझर घ्यायचा तर काही लाखांचं काम आहे, जर्मेनियम डिटेक्टरचं तर नावच काढायला नको, त्याला लिक्विड नायट्रोजन कायम लागतं. सीझियमच्या गॅमा किरणांचा 662 केईव्हीचा पीक स्क्रीनवर वर येताना बघणं हे या विषयातलं अगदी पहिलं पाऊल आहे आणि एमएस्सी होऊन बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुलांनी तो फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेला असतो.

याच्या अगदी उलट चित्र अणुशक्तीनगरात आहे आणि मला त्याचा अभिमानच आहे. 1957 साली सुरू झालेलं बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, ट्रेनिंग स्कूल, इंजिनियर किंवा एमएस्सी झालेल्या मुलांना घ्यायचं, वर्षभर स्टायपेंड देऊन कसून शिकवायचं आणि लगेच शास्त्रज्ञ म्हणून कामावर घ्यायचं, जगात याच्यासारखी उदाहरणं कमी असतील. 2005 पासून होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट हे खात्याचं स्वतःचं अभिमत विद्यापीठ आहे. 2007 मध्ये भुवनेश्वरला नायसर ही विज्ञान शिक्षणाची संस्था आणि इथे कालिन्याला मुंबई विद्यापीठाबरोबर मूलभूत विज्ञानाचं सेंटर सुरू झालं, बारावीनंतर नेस्ट परीक्षा देऊन पाच वर्षांची एमएस्सी, वर्षाला 60 हजारांची स्कॉलरशिप, बीएआरसी आणि टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) शास्त्रज्ञ शिकवायला. ज्या मुलांना तिथे प्रवेश मिळतो त्यांचं कल्याण होतं. पण तिथे जागा किती आणि राज्यातल्या विद्यापीठांत, संलग्न कॉलेजांत फिजिक्स-केमिस्ट्री शिकणारी मुलं किती, याचा विचार करा. देशातली बहुतेक मुलं राज्यांच्या विद्यापीठांत आणि त्यांना जोडलेल्या कॉलेजांत शिकतात आणि अणुविज्ञानाचा पैसा मात्र खात्याच्या कंपाउंडच्या आत फिरतो.

हे असं का झालं याला इतिहास आहे आणि तो माहीत असायला हवा म्हणून सांगते. होमी भाभांनी मार्च 1944 मध्ये टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं, त्यात ते म्हणाले होते की दोनेक दशकांनी अणुशक्तीपासून वीज बनू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेर शोधायला लागू नयेत, ते इथेच तयार असावेत. ही 1944 ची गोष्ट, हिरोशिमा अजून व्हायचं होतं. केवढी लांबची नजर! त्या पत्रातून टीआयएफआर उभी राहिली, 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग, 1954 मध्ये खातं, 1956 मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा भट्टी. त्याच काळात कलकत्त्याला भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. त्यांनी 1940 मध्येच कलकत्ता विद्यापीठाच्या एमएस्सीत न्यूक्लियर फिजिक्स विषय म्हणून आणला, सायक्लोट्रॉन जमवायला घेतला, 1950 मध्ये इरेन जोलिओ-क्युरींच्या हस्ते त्यांच्या संस्थेचं उद्घाटन झालं. साहांचं म्हणणं असं होतं की हे संशोधन विद्यापीठांत वाढलं पाहिजे, उघडपणे झालं पाहिजे, पुढे ते लोकसभेत निवडून गेले आणि 1954 मध्ये तिथे त्यांनी अणुऊर्जेवर चर्चा घडवून आणली. दोघेही मोठेच. पण निर्णय भाभांच्या बाजूने झाला, मोठी संशोधन केंद्रं वेगळी आणि विद्यापीठं वेगळी. त्या वेळी घाई होती, पैसा तुटपुंजा होता, गुप्ततेचीही गरज होती, त्यामुळे तो निर्णय समजण्यासारखा आहे. सत्तर वर्षांनंतर तीच विभागणी तशीच चालू ठेवायला मात्र मला कारण दिसत नाही, आणि आता तर खासगी कंपन्याच आत येणार म्हटल्यावर गुप्ततेचा मुद्दाही पूर्वीसारखा उरलेला नाही.

शिवाय भाभांच्या त्या केंद्रांना माणसं कुणी दिली? साध्या कॉलेजांनीच दिली. अनिल काकोडकर रुपारेल कॉलेज आणि व्हीजेटीआयमधून ट्रेनिंग स्कूलला गेले आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. कल्पक्कमच्या ब्रीडर भट्टीचं ज्यांचं नाव घेतलं जातं ते शिवराम भोजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कसबा सांगावचे, पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचे. त्या काळी सरकारी आणि अनुदानित कॉलेजात शिकवायला पूर्ण वेळ शिक्षक होते आणि लॅबमधलं सामान चालू होतं. आज आमच्याकडे निम्मे तास सीएचबीवर चालतात, तासाप्रमाणे पैसे, ते पण महिनोन्‌महिने उशिरा. पीएचडी झालेला, नेट-सेट झालेला मुलगा चार कॉलेजांत धावत तास घेतो, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की तू न्यूक्लियर फिजिक्समध्ये संशोधन कर. आणि विद्यापीठाच्या विभागात न्यूक्लियरचं स्पेशलायझेशन घेणारे एक सर रिटायर झाले, त्यांची जागा भरली नाही, की ते स्पेशलायझेशनच बंद. हे मी एका ठिकाणचं बोलत नाहीये, या विषयात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, दोन तरी उदाहरणं सांगतील.

विद्यापीठात हे ज्ञान वाळून गेलं की काय होतं याचं देशातलं सगळ्यात वाईट उदाहरण दिल्लीतलं आहे. 2010 सालचं मायापुरी प्रकरण. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागात एक गॅमा इरॅडिएटर, म्हणजे वस्तूंना गॅमा किरणं देण्याचं यंत्र, होता, साठच्या दशकाच्या शेवटाकडे कॅनडातून आणलेला, आत कोबाल्ट-60. 1985 पासून तो वापरात नव्हता. वापरणारे प्राध्यापक गेले, नंतरच्यांना ते काय आहे हे नीट माहीत नव्हतं, आणि फेब्रुवारी 2010 मध्ये बाकीच्या जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला. भंगारवाल्यांनी तो मायापुरीत नेऊन फोडला, शिशाचं कवच वेगळं केलं, आतले कोबाल्टचे तुकडे उघड्यावर पडले, एकाने त्यातला तुकडा पाकिटात ठेवला होता. एप्रिलमध्ये माणसं भाजलेल्या जखमा घेऊन दवाखान्यात जाऊ लागली तेव्हा कळलं. एक कामगार मेला, बाकीच्यांचे अतोनात हाल झाले. ज्यांनी कॉलेजात डेड स्टॉक रजिस्टर सांभाळलंय, निर्लेखनाच्या, म्हणजे जुनं सामान मोडीत काढण्याच्या, कमिटीवर बसलेत, त्यांना हे वाचून धस्स होईल, कारण अशी कमिटी कशी काम करते ते त्यांना माहीत आहे, यादी बघायची, किंमत शून्य दाखवायची, सही करायची. विभागात रेडिएशन समजणारा एक जरी कायमचा माणूस असता आणि उपकरण चालू ठेवायला थोडा जरी पैसा येत राहिला असता तर तो इरॅडिएटर कुणी विसरलं नसतं. त्या कामगाराचा जीव मी या हिशोबात धरते.

आणि अणुविज्ञान म्हणजे फक्त भट्ट्या नव्हेत हेही सरकारने लक्षात घ्यायला हवं. तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी कॅन्सरचा पेशंट असेल तर त्यांना रेडिएशनची खोली माहीत असेल. तिथे डॉक्टर डोस ठरवतात, पण मशीनमधून तेवढाच डोस त्याच जागी जातोय ना हे बघणारा मेडिकल फिजिसिस्ट असतो, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असतो, तो नसेल तर एईआरबी मशीन चालवू देत नाही. बीएआरसीत 1962 पासून रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा चालतो, तिथून शिकलेली माणसं देशभर आहेत. आता जिल्ह्याच्या गावी लिनॅक ही रेडिएशनची मशीन येऊ लागलेत, एवढी माणसं एका-दोन ठिकाणांहून कशी पुरणार. लासलगावचं इरॅडिएशन केंद्र घ्या, 2007 मध्ये हापूस अमेरिकेला गेला तो तिथे गॅमा किरणं देऊन गेला, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणूनही तेच तंत्र. पाइपलाइनच्या वेल्डिंगची रेडिओग्राफी, कारखान्यात जाडी मोजणारे गेज, सगळीकडे सोर्स आहेत आणि सगळीकडे ते सांभाळणारा शिकलेला माणूस लागतो. ही बीएस्सी-एमएस्सी झालेल्या मुलांची कामं आहेत. आमच्याच मुलांची.

आता जैतापूरचं सांगते, कारण कोकणात हा विषय अजून ताजा आहे. 1650 मेगावॅटच्या सहा भट्ट्यांचा बेत, एकूण 9,900 मेगावॅट, 2010-11 मध्ये तिथे केवढं आंदोलन पेटलं ते सगळ्यांना आठवत असेल. त्या वेळी माडबन-साखरी नाट्याच्या माणसाला साधा प्रश्न पडला होता की समुद्रात गरम पाणी सोडलं तर माशांचं काय, हवेत काय येतं, आंब्यावर काय परिणाम होतो. उत्तर द्यायला कोण होतं? एका बाजूला सरकारचे शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला विरोध करणारे कार्यकर्ते. दोन्हीकडे प्रामाणिक माणसं होती असं मी मानते, पण ज्याचा पगार प्रकल्पावर अवलंबून नाही आणि ज्याची चळवळीशी बांधिलकी नाही असा जवळच्या विद्यापीठातला प्राध्यापक, ज्याच्याकडे स्वतःच्या लॅबमधली दहा वर्षांची मोजमापं आहेत, असा तिसरा माणूस तिथे नव्हता. लोकांनी विश्वास ठेवायचा कुणावर?

असा तिसरा माणूस तयार करता येतो. लांब कशाला, शेजारच्या कर्नाटकात बघा. कारवारजवळ कैगा अणुवीज प्रकल्प झाला तेव्हा मंगळूर विद्यापीठातल्या लोकांनी त्या परिसरातल्या मातीची, पाण्याची, हवेची, झाडांची नैसर्गिक किरणोत्सारिता मोजून ठेवली, त्यासाठी अणुऊर्जा खात्याकडूनच पैसे मिळाले, आणि त्या कामातून आज त्या विद्यापीठात पर्यावरणातल्या किरणोत्सारितेवर वेगळं केंद्र उभं आहे. इंदूरच्या अ‍ॅक्सिलरेटर केंद्राने बनवलेला मायक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनला वेग देणारं यंत्र, तोही त्यांच्याकडे आहे. आपल्या पुणे विद्यापीठातही फिजिक्स विभागाने रेसट्रॅक मायक्रोट्रॉन उभा केला, त्यावर कितीतरी मुलांच्या पीएचड्या झाल्या. म्हणजे विद्यापीठांना जमत नाही हे म्हणणं खोटं आहे. थोडे पैसे आणि दोन जिद्दीची माणसं मिळाली तिथे जमलंय. मग रत्नागिरीत, पालघरमध्ये हे का होऊ नये? आमच्या मुलांनी आपापल्या गावच्या विहिरीच्या पाण्यात, वाळूत, ताडीच्या झाडाखालच्या मातीत किती किरणोत्सार आहे ते वर्षानुवर्षं मोजावं, तारापूरच्या जवळचं आणि लांबच्या विक्रमगडचं शेजारी शेजारी मांडावं, आकडे सगळ्यांसमोर ठेवावेत. प्रकल्पालाही त्याचा फायदाच आहे.

बाहेरच्या देशांत काय करतात तेही बघू. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2009 पासून विद्यापीठांसाठी वेगळा कार्यक्रम चालवलाय, अणुऊर्जेच्या संशोधन निधीतला 20 टक्क्यांपर्यंतचा भाग स्पर्धेतून विद्यापीठांना द्यायचा, त्यात संशोधन आलं, लॅबची उपकरणं आली, मुलांच्या स्कॉलरशिपही आल्या. तिथे विद्यापीठांच्या कॅम्पसमध्ये अजून वीसच्या वर छोट्या संशोधन भट्ट्या आहेत आणि त्यांचं इंधन सरकार पुरवतं. प्राग शहरात तांत्रिक विद्यापीठाची शिकवण्यासाठीची भट्टी 1990 पासून चालते, वीज बनवायला नाही, मुलांना शिकवायला. चीनमध्ये त्सिंगहुआ विद्यापीठाने 10 मेगावॅटची भट्टी 2000 साली चालू केली, त्याच डिझाइनवरून मोठा प्रकल्प उभा राहिला आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये तो व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागला. आपल्याकडे छोट्या भट्ट्यांचं मिशन आहे म्हणतो ना, त्याची सुरुवात त्यांनी विद्यापीठातून केली होती. आपल्या देशात एकाही विद्यापीठात संशोधन भट्टी नाही. उद्या प्रत्येक विद्यापीठात भट्टी द्या असं मी मुळीच म्हणत नाहीये, ते शहाणपणाचं होणार नाही. पण मुलांनी ट्रॉम्बेच्या भट्टीवर आठवडाभर येऊन प्रयोग करावेत एवढं तर होऊ शकतं, आणि त्याची चांगली पद्धत आपल्याकडे आहे. दिल्लीचं इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर यूजीसीने विद्यापीठांसाठीच काढलं, कुठल्याही विद्यापीठातल्या माणसाने प्रपोजल लिहायचं, पास झालं की बीम टाइम, म्हणजे यंत्रावर प्रयोगाची वेळ, मिळतो. यूजीसी आणि अणुऊर्जा खात्याचं मिळून एक कन्सॉर्शियम आहे, त्याचं मुंबईचं केंद्र बीएआरसीतच आहे, तिथून विद्यापीठातली माणसं ध्रुव भट्टीच्या न्यूट्रॉनवर काम करतात. हीच वाट रुंद करायची आहे, फक्त पीएचडीवाल्यांसाठी न ठेवता एमएस्सीच्या मुलांपर्यंत आणायची आहे.

आता पैशाचं. 20 हजार कोटींच्या मिशनमधला फक्त एक टक्का म्हणजे 200 कोटी. देशातल्या राज्य विद्यापीठांचे 100 विभाग निवडले तर प्रत्येकाला 2 कोटी येतात. एवढ्यात चांगली शिकवण्याची लॅब उभी राहते, परवाने-साठवण-सुरक्षेची सोय होते, एक टेक्निशियन पाच वर्षं ठेवता येतो, आजूबाजूच्या कॉलेजांच्या मुलांना आठवड्याचं प्रॅक्टिकल तिथे येऊन करता येतं. एक टक्का! यासाठी कुठला मोठा त्याग करावा लागणार आहे?

माझ्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं असं की बीआरएनएस आहे की, अणुऊर्जा खात्याचं मंडळ, ते विद्यापीठांना प्रोजेक्ट देतंच, शिवाय 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलंय, त्यात मोठ्या संस्थेने हब म्हणजे केंद्र व्हायचं आणि राज्य विद्यापीठांनी तिला जोडलेले स्पोक व्हायचं अशी योजना आहे. बरोबर आहे, आणि बीआरएनएसने आजवर विद्यापीठांतल्या पुष्कळ लोकांना उभं केलंय हे मी मानते. पण प्रोजेक्ट ही तीन वर्षांची गोष्ट असते. तीन वर्षं झाली की जेआरएफ म्हणजे फेलोशिपवरचा संशोधक जातो, उपकरणाचा देखभालीचा करार संपतो, एखादं कार्ड जळतं आणि ते दुरुस्त करायला हेड नाही म्हणून मशीनवर कापड टाकून ठेवतात. प्रोजेक्ट संशोधनासाठी असतो, बीएस्सीच्या पोराच्या प्रॅक्टिकलसाठी नसतो. मला मागायचंय ते शिकवण्यासाठीचं अनुदान, दरवर्षी येणारं, ठरावीक, आणि एप्रिल-मेमध्ये हातात पडणारं. फेब्रुवारीच्या शेवटी पैसे पाठवायचे आणि 31 मार्चच्या आत खर्च करून युटिलायझेशन सर्टिफिकेट द्या म्हणायचं, यात घाईघाईने नको ती वस्तू घेतली जाते आणि मग पुढच्या वर्षी म्हणतात विद्यापीठांना पैसे खर्च करता येत नाहीत. फेलोशिपचंही तेच. जानेवारी 2023 पासून जेआरएफची फेलोशिप महिना 37 हजार झाली, चांगलं झालं, पण ती सहा-सहा महिने येत नसेल तर भाड्याच्या खोलीत राहणारी खेड्यातली मुलगी काय करेल? ती आयटीत जाते किंवा बँकेच्या परीक्षेला बसते. हुशार मुलं या विषयाकडे येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हा उशीर थांबवावा.

दुसरा आक्षेप असा येतो की राज्याची विद्यापीठं ही राज्य सरकारची जबाबदारी, केंद्राने का द्यावं. अहो, अणुऊर्जा हा विषयच घटनेत केंद्राच्या यादीत आहे, राज्याला त्यात काही करता येत नाही, जमीन मात्र राज्याची जाते आणि गावं आमची उठतात. म्हणून या विषयाच्या शिक्षणाचा खर्च केंद्राने उचलणं हेच न्यायाचं आहे. राज्य सरकारने त्यांच्या बाजूने एक करावं, न्यूक्लियर आणि रेडिएशन फिजिक्सच्या रिकाम्या जागा भराव्यात, कायमच्या भराव्यात. लॅब आली आणि शिकवायला माणूस सीएचबीवर असेल तर पुन्हा सगळं डेड स्टॉकलाच जाणार, आणि सोर्स असलेल्या खोलीला कायमचा जबाबदार माणूस नसणं किती धोक्याचं आहे ते वर मायापुरीचं लिहिलंच आहे.

आणि ज्या खासगी कंपन्या आता या धंद्यात उतरणार आहेत त्यांच्याकडूनही घ्या. त्यांच्यासाठी सरकार दार उघडतंय, संशोधनासाठी 1 लाख कोटींचा आरडीआय फंड काढून कमी व्याजाची, लांब मुदतीची कर्जं देतंय. मग परवाना देतानाच अट घाला की प्रकल्प ज्या जिल्ह्यात येईल त्याच्या विद्यापीठाला शिकवण्यासाठी दरवर्षी अमुक इतका निधी द्यायचा. फक्त तो कंपनीच्या हातून थेट विभागाला जाऊ नये, मध्ये यूजीसी किंवा एखादं स्वतंत्र मंडळ असावं. नाहीतर मी मघाशी ज्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलले, तोही त्यांचाच माणूस होईल. एईआरबीला आता कायद्याने स्वतःचा दर्जा मिळालाय, त्यांनाही तपासणीसाठी खूप माणसं लागणार आहेत, आणि ज्यांना तपासायचं त्यांच्याच शाळेत सगळे तपासनीस शिकलेले असतील तर ते बरं नाही. कितीही प्रामाणिक असले तरी बरं नाही. त्यासाठी बाहेर शिकलेली, बाहेरून प्रश्न विचारण्याची सवय असलेली पोरं लागतात आणि ती विद्यापीठातच तयार होतात.

आमच्या पालघरच्या, रत्नागिरीच्या आणि कालिना ज्यांच्या मतदारसंघात येतं त्या खासदारांना माझी जाहीर विनंती आहे की येत्या अधिवेशनात त्यांनी एवढा एक प्रश्न विचारावा: न्यूक्लियर एनर्जी मिशनच्या 20 हजार कोटींपैकी राज्य विद्यापीठांतल्या शिक्षणासाठी किती रुपये ठेवलेत, आणि ठेवले नसतील तर कधी ठेवणार. तारांकित प्रश्न विचारावा, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागेल. उत्तर मिळालं की कृपया तुमच्या पेपरात ते पहिल्या पानावर छापा, आमच्या स्टाफरूमच्या बोर्डावर मी स्वतः लावेन.

आपली,
भौतिकशास्त्राची एक प्राध्यापिका,
जि. पालघर